पट्टी अडकली की आधी काय बघायचं

पहाटे साडेपाचला फोन वाजला की मला कळतं, पुण्याच्या गुलटेकडीहून आहे. मार्केट यार्डात भाजीच्या आडतीच्या काही गाळ्यांचं जुनं बिलिंग पॅकेज मी सांभाळते. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा, त्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद. दिवाणजी म्हणतात, "ताई, पट्टी निघत नाहीये. रेकॉर्ड इज इन यूज बाय अनदर यूजर म्हणतंय, आणि इथे माझ्याशिवाय कोणी नाही." समोर शेतकरी उभा, टेम्पोवाला हॉर्न देतोय. अशा वेळी हात पहिल्यांदा सर्व्हरच्या बटणाकडे जातो. तो आवरायचा. दुसऱ्या मशीनवर कोणाची एन्ट्री अर्धी असेल, तर एक अडकलेली पट्टी सोडवताना दुसऱ्या चार बिघडतील आणि इंडेक्स, म्हणजे रेकॉर्ड शोधायची सूची, खराब होईल ते वेगळंच.

हे पॅकेज फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, नववी, २००४ मधली. मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही जानेवारी २०१५ मध्ये संपला. तरी गाळ्यांवर ते चालतं, कारण हमाली, तोलाई, भाडं सगळं बाजाराच्या पद्धतीने त्यात बसवलेलं आहे. २०१६ मध्ये आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, तेव्हा पट्टीचा हिशेब मी त्यातच बदलून दिला होता.

एकाने उघडलेलं रेकॉर्ड त्याच वेळी दुसऱ्याने बदलू नये म्हणून लॉक लागतं. ते दोन जातीचं असतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

पहिलं विंडोजचं. फॉक्सप्रो रेकॉर्ड लॉक करतं तेव्हा डीबीएफ या डेटाच्या फाइलमध्ये काही लिहून ठेवत नाही. ते लॉक सर्व्हरच्या मेमरीत असतं आणि त्या मशीनचं कनेक्शन तुटलं की सुटतं. घोळ होतो तो सर्व्हरला कनेक्शन तुटल्याचं कळत नाही तेव्हा. लाइट क्षणभर गेली, एन्ट्रीचं मशीन बंद पडलं, सर्व्हर मात्र यूपीएसवर चालूच. त्याच्या लेखी ते मशीन अजून आत बसलेलं असतं. असं लॉक पुष्कळदा काही मिनिटांत आपोआप सुटतं. म्हणून मी दिवाणजींना आधी विचारते, लाइट गेली होती का?

दुसरं लॉक पॅकेजचं स्वतःचं. आमच्याकडे पट्टीच्या हेडर टेबलात, म्हणजे दर पट्टीची एक ओळ असते तिथे, एक कॉलम आहे. कोणी पट्टी उघडली की त्यात मशीनचा नंबर आणि वेळ पडते, सेव्ह करून बाहेर पडलं की कॉलम रिकामा होतो. मशीन मध्येच बंद पडलं तर ती खूण तशीच राहते. ही फाइलमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे सर्व्हर दहा वेळा बंद-चालू केला तरी जाणार नाही. मेसेजवरूनही अंदाज येतो. वरचं इंग्रजी वाक्य फॉक्सप्रोचं आहे. 'ही पट्टी मशीन ३ वर उघडी आहे' असं आलं तर ते पॅकेज बोलतंय.

आता शोध. प्रत्येक मशीनपाशी जाऊन बघा, एका जागेवरूनच 'कोण आहे का' असं ओरडून विचारू नका. खिडकी बंद दिसते, पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम चालूच असतो, असं मी कितीदा पाहिलंय. मग सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, त्यात शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. कोणत्या युजरने कोणती डीबीएफ उघडली आहे आणि त्यावर किती लॉक आहेत, तिथे दिसतं. शेजारच्या सेशन्समध्ये मशीनचं नाव आणि ते किती वेळ गप्प आहे ते कळतं. बंद पडलेलं मशीन तिथे अजून दिसत असेल, तर फक्त त्याचं सेशन बंद करा.

एक गोष्ट इथे हमखास निसटते. ओपन फाइल्समध्ये नेटवर्कवरून उघडलेल्याच फाइल्स दिसतात. शेठ घरून रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवरच काम करत असतील, तर त्यांची फाइल त्या यादीत येणार नाही. फुलीवर क्लिक करून ते बाहेर पडले असले, तर आतलं पॅकेज पट्टी धरून तसंच उघडं राहतं. टास्क मॅनेजरच्या युजर्स टॅबमध्ये त्यांचं नाव 'डिसकनेक्टेड' दिसेल. आधी त्यांना फोन करा, मगच साइन ऑफ करा.

सगळे बाहेर, कोणाचीही फाइल उघडी नाही आणि तरी पट्टी अडकलेली, म्हणजे खूण राहिली आहे. ती पुसण्याआधी डेटाच्या फोल्डरची कॉपी घ्या. डेटाची डीबीएफ, इंडेक्सची सीडीएक्स आणि मोठ्या मजकुराची एफपीटी, तिन्ही एकत्र, एकाच वेळी. नुसती डीबीएफ उचलून उपयोग नाही.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, ती पट्टी पुरी आहे का ते बघा. सासवडकडच्या एका मटारवाल्यांची पट्टी अशीच अडकली होती. खूण मशीन ३ ची, रात्री २ वाजून ४० मिनिटांची. हेडरमध्ये १४ डाग, म्हणजे मालाचे नग. डिटेलच्या टेबलात, जिथे मालाची एकेक नोंद असते, मी बेरीज घेतली तर ९ च. पाच डाग चढवायचे राहिले आणि लाइट गेली होती. खूण पुसून पट्टी छापली असती तर त्या माणसाच्या हातात नऊ डागांचेच पैसे पडले असते, आणि कागद तर अगदी बरोबर दिसला असता. दिवाणजींनी कच्ची वही आणली, राहिलेले पाच डाग वजनासकट त्यात होते. खूण काढली, ते चढवले, मग पट्टी छापली. लॉक म्हणजे कोणाचं तरी अर्धवट राहिलेलं काम आहे. ते कोणाचं हे कळल्याशिवाय मी कधीच हात लावत नाही.

खूण पुसताना रिप्लेस या रेकॉर्ड बदलणाऱ्या कमांडला पट्टी नंबरची अट घाला. अट किंवा ऑल न देता रिप्लेस दिलं तर ते चालू रेकॉर्डवर लागतं, आणि चालू रेकॉर्ड तुम्हाला वाटतं तोच असेल असं नाही. रिप्लेस ऑल तर नकोच. एका गाळ्यावर कोणीतरी भर बाजारात सगळ्या खुणा एकदम पुसल्या. त्यात नंबर देणाऱ्या टेबलाचीही खूण गेली आणि दोन शेतकऱ्यांना एकाच नंबरच्या पट्ट्या गेल्या. ते निस्तरायला मला तीन दिवस लागले. काम झाल्यावर पट्टी यादीत दिसली नाही किंवा बेरीज जुळली नाही, तर सगळे बाहेर असताना रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा. त्याला टेबल एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्यानेच उघडलेलं, लागतं.

अ‍ॅक्सेसवरचं पॅकेज असेल तर डेटाच्या शेजारी त्याच नावाची एलडीबी (नव्या आवृत्त्यांत एलएसीसीडीबी) फाइल असते. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती जाते. राहिली असेल तर पुसून बघा. विंडोजने नकार दिला तर कोणीतरी अजून आत आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून यूपीएस नेटवर्क स्विचलाही लावा. बहुतेक गाळ्यांवर सर्व्हरला असतो आणि स्विच थेट भिंतीच्या प्लगमध्ये. एन्ट्रीच्या मशीनवर स्लीप बंद करा. सर्व्हरपाशी एक वही ठेवा आणि लॉक सोडवलं की तारीख, पट्टी नंबर, मशीन, आणि बसलं कोण होतं ते लिहा. त्या मटारवाल्या गाळ्याच्या वहीत पंधरा दिवसांत मशीन ३ चार वेळा आलं, आणि त्यातल्या तीन वेळा लाइट गेलेलीच नव्हती. मशीनमागचं बारदान हलवलं तर नेटवर्कची केबल वजनाच्या लोखंडी काट्याच्या पायाखाली चेपलेली. केबल बदलली, काटा दोन हात सरकवला. त्यानंतर त्या वहीत मशीन ३ आलेलं नाही.