ऑपरेशन थिएटरमधून रिकव्हरीत नेताना ऑक्सिजन उतरतो: या चुका टाळा

ऑपरेशन संपलं, रुग्णाने डोळे उघडले, मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९८ टक्के. रिकव्हरी, म्हणजे ऑपरेशननंतर रुग्णाला देखरेखीखाली ठेवायची खोली, चार पावलांवर, म्हणून वायरी काढून ट्रॉली ढकलायची. भूलतज्ज्ञ म्हणून सुरुवातीला मीही असंच करत असे.

पण तो ९८ जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनवरचा असतो. मास्क निघाला की रुग्ण २१ टक्क्यांच्या साध्या हवेवर येतो. भुलेमुळे फुप्फुसांचे खालचे भाग मिटलेले, वेदनाशामकाने श्वास मंदावलेला, कधी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमलही उरलेला. त्यात रुग्ण स्थूल किंवा लहान मूल असेल, तर आकडा बघता बघता खाली येतो. ९०च्या आसपास रक्तातला ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिमी (पारा) असतो. त्याखाली घसरण फार वेगाने होते. म्हणून वाट दोन मिनिटांची असली तरी ऑक्सिजन आणि बोटावरचा ऑक्सिमीटर सोबत हवाच.

‘ओठ निळे पडले की कळेलच’ या भरवशावर राहू नका. निळेपणा उशिरा दिसतो, आणि रक्त कमी असलेल्या रुग्णात तर दिसेलच असं नाही.

मास्क लावला म्हणजे ऑक्सिजन पोचला, असंही नाही. एकदा सिलिंडर चालू, मास्क नीट, तरी आकडा ८६. नळीवरून हात फिरवत गेले, तर ती ट्रॉलीच्या कठड्यात चेमटलेली. तेव्हापासून निघण्याआधी सिलिंडरचा काटा बघते, फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारा भाग) उघडल्याची खात्री करते आणि मास्क गालाशी धरून वारा लागतोय का ते पाहते.

आकडा पडला की ‘प्रोब (ऑक्सिमीटरचा बोटावरचा चिमटा) सैल असेल’ म्हणणं ही सगळ्यात घातक सवय. बोट गार असेल, रुग्ण कुडकुडत असेल, तर आकडा चुकतो हे खरं. पण आधी रुग्ण बघा, मग प्रोब. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, श्वासमार्ग अर्धवट बंद झालाय. हनुवटी उचला, जबडा पुढे ओढा, तरीही श्वास अपुरा असेल तर अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. ती ट्रॉलीवरच हवी, कपाटात नको.

उलटही होतं. ऑक्सिजनवर आकडा ९७ आणि श्वास मिनिटाला सहा! कार्बन डायऑक्साइड साठत असतो, ऑक्सिमीटरला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून मी ट्रॉलीच्या डोक्याशी चालते, हात छातीवर ठेवून.

रिकव्हरीत पोचल्यावर भिंतीवरचा ऑक्सिजन सुरू होऊन तिथल्या मॉनिटरवर आकडा दिसेपर्यंत सिलिंडरची नळी काढू नका.