इझाकायामध्ये मंडळींसोबत जेवताना

जपानी कचेऱ्यांमध्ये नव्या सहकाऱ्याचे स्वागत, कुणाचा निरोप किंवा डिसेंबरमधील वर्षअखेरीचा मेळावा बहुधा इझाकायात होतो. इझाकाया म्हणजे मद्य आणि त्याच्या जोडीला छोट्या छोट्या बश्यांतून पदार्थ देणारे, संध्याकाळी गजबजून जाणारे उपाहारगृह. तेथे प्रत्येकाने आपापले ताट मागवण्याची पद्धत नाही. पदार्थ टेबलाच्या मध्यभागी येतात आणि ते सगळ्यांचे असतात. म्हणूनच तोक्योत किंवा ओसाकात नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाने, त्यातही शाकाहारी माणसाने, या जेवणाची तयारी तेथे पोहोचण्याआधीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

अशा मेळाव्याची व्यवस्था एक जण पाहतो. त्याला कांजी म्हणतात. जागा राखून ठेवणे, ठरावीक पदार्थांचा कोर्स निवडणे आणि पैसे गोळा करणे ही सारी कामे त्याची असतात. कोर्स एकदा ठरला की ऐनवेळी त्यात बदल करणे उपाहारगृहाला अवघड जाते, त्यामुळे आपण काय खात नाही हे कांजीला काही दिवस आधीच, स्पष्ट शब्दांत कळवावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. मांस चालत नाही, मासे चालत नाहीत आणि दाशीही चालत नाही, असे तिन्ही वेगवेगळे सांगावे लागते. दाशी हे बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचे कीस आणि कोंबू हे समुद्रशैवाल यांपासून काढलेले पाणी असून जपानी स्वयंपाकाचा बराचसा भाग त्यावर उभा आहे. मिसो सूप, तळलेल्या तोफूवर रस घालून येणारा आगेदाशी तोफू, दाशिमाकी हे अंड्याचे गुंडाळलेले ऑम्लेट यांत ती असतेच. साध्या दिसणाऱ्या पोटॅटो सॅलडमध्येही हॅमचे तुकडे सापडतात. उलट मीठ लावून उकडलेल्या एदामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या, शेंगा, मीठ लावून भाजलेल्या शिशितो मिरच्या आणि वरचा माशाचा कीस न घालता मागितलेला थंड तोफू यांवर शाकाहारी माणसाला बऱ्यापैकी विसंबता येते.

बैठक तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटईवर, असेल तर पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा मोजे स्वच्छ आणि न फाटलेले असावेत. दारापासून दूरची जागा ज्येष्ठांसाठी मानली जाते, म्हणून कांजी सांगेल तेथेच बसावे. बसताच मिळणारा ओला रुमाल हात पुसण्यासाठी असतो. त्यापाठोपाठ न मागवलेली एक लहानशी वाटी समोर येते. ही ओतोशी, तिचे माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात. ती फुकट नसते आणि चुकूनही आलेली नसते, त्यामुळे तिच्यावरून वाद घालू नये.

पहिले पेय लवकर सांगावे, कारण सर्वांचे पेले येऊन ‘कांपाई’ म्हणत ते एकत्र उंचावले जाईपर्यंत कोणीही घोट घेत नाही आणि एकाच्या विचारात सगळा गट खोळंबतो. मद्य न घेणाऱ्याने निःसंकोचपणे ऊलाँग चहा मागवावा. जपानमध्ये मद्यपानासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. बाटली सामाईक असेल तर स्वतःचा पेला स्वतः न भरता शेजाऱ्याचा भरावा, तो आपला भरेल. आणखी नको असल्यास पेला रिकामा न करता भरलेलाच ठेवावा. ठरावीक रकमेत हवी तितकी पेये देणारी नोमिहोदाई घेतली असेल, तर तिची मुदत बहुधा 90 किंवा 120 मिनिटांची असते आणि शेवटची मागणी मुदत संपण्याच्या सुमारे अर्धा तास आधी घेतली जाते, हेही ध्यानात असावे.

कोर्स नसेल तर सगळे पदार्थ एकदम मागवू नयेत. आधी एदामामेसारखे लगेच येणारे, मग साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, त्यानंतर भाजलेले व तळलेले आणि शेवटी भात किंवा नूडल्स, असे दोन-तीन फेऱ्यांत मागवले तर टेबलावर दाटी होत नाही आणि गरम पदार्थ गरमच खाता येतो. वाढपी जवळ दिसत नसेल तर ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, अशी मोठ्याने हाक मारावी; एवढ्या कलकलाटात पुटपुटलेले कोणालाच ऐकू जात नाही, आणि येथे हाक मारणे असभ्य मुळीच मानले जात नाही. अनेक ठिकाणी टेबलावर घंटेचे बटण किंवा टॅबलेटही असतो.

सामाईक बशीतून घेताना स्वतंत्र चॉपस्टिक ठेवल्या असतील तर त्याच वापराव्यात आणि पदार्थ आधी आपल्या छोट्या बशीत घेऊन मग खावा. आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये पदार्थ कधीही देऊ नये, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी याच रीतीने उचलून घेतात; भातात चॉपस्टिक उभ्या रोवणेही मृताला दाखवलेल्या भाताची आठवण करून देते. या दोन गोष्टींबाबत परदेशी म्हणून सूट मिळेल, असे गृहीत धरू नये. कारागेवर, म्हणजे तळलेल्या चिकनवर, लिंबू पिळण्याआधी सर्वांना विचारावे. शेवटचा तुकडाही विचारूनच घ्यावा.

हिशोब बहुधा सर्वांत सारखा वाटला जातो, मात्र काही गटांत वरिष्ठ जास्त देतात आणि मद्य न घेणाऱ्याला कमी लावतात. आपला वाटा वेगळा काढून मागण्याऐवजी कांजी सांगेल ती रक्कम द्यावी. त्यासाठी 1,000 येनच्या काही नोटा जवळ ठेवाव्यात. टिप द्यायची नसते, आणि बसून खाल्लेल्या जेवणावर 10 टक्के उपभोग कर लागतो. त्यानंतर दुसरीकडे जाण्याचा बेत निघाला तर तो ऐच्छिक असतो. शेवटची गाडी गाठायची असल्यास कांजीला सांगून निघावे, आणि ज्या वरिष्ठाने अधिक पैसे भरले असतील त्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत भेटताच पुन्हा एकदा आभार मानावेत.