टाकाऊ वस्तूंचं मोझॅक करताय? पैलवान सुजू देऊ नका

दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी पोतं खांद्यावर टाकून माझ्याकडे येतं. पोत्यात फुटक्या कपबशा, जुन्या कीबोर्डची बटणं, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, बहिणीच्या बांगड्या, सायकलची चेन. "सर, यातून काहीतरी भारी करायचंय." दोन दिवसांत मोझॅकचं, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राचं, पॅनेल तयार होतं, फोटो स्टेटसला लागतो, पन्नास जण 'नाद खुळा' म्हणतात. ऑगस्टमध्ये त्याच माणसाचा फोन येतो आणि आवाज पडलेला असतो.

त्या फोनांना कंटाळून हे लिहितोय. सगळ्यात महाग चूक मी स्वतःच केली आहे, तेव्हा आधी ती.

सुजलेला पैलवान

कोल्हापुरात या कामाला मालाचा तोटा नाही. चप्पल लाईनमध्ये कातड्याची कातरण मिळते. उद्यमनगरात नट, वायसर आणि लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस मिळतो. मला वाटलं, दोन्ही एकत्र आणलं की झालं अस्सल कोल्हापूर. एका फौंड्रीवाल्या गृहस्थांनी बंगल्याच्या पोर्चसाठी पॅनेल सांगितलं होतं. चार फूट बाय तीन फूट, शड्डू ठोकणारा पैलवान. अंग कातड्याचं, मागची भिंत वायसरांची. मी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, फळी घेतली, पांढऱ्या सुतारी गमने सगळं चिकटवलं आणि फटींत पांढरं सिमेंट भरलं. पाडव्याला पॅनेल पोर्चमध्ये लागलं, पेढे वाटले गेले.

नारळी पौर्णिमेच्या आधी फोन आला. "मास्तर, पैलवान सुजलाय की ओ!"

जाऊन बघतो तर खरंच सुजला होता. डावी मांडी अर्धा इंच वर आलेली. कातड्याचे तुकडे दमट हवा पिऊन फुगले होते, कडेने वळले होते आणि वळताना सिमेंटचे टवके घेऊन आले होते. खालची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झालेली. खांद्यावर पांढरट हिरवी बुरशी. आणि जिथे जिथे कातडं वायसराला लागून होतं, तिथून निळे-काळे ओघळ खाली आलेले. मुलांनी दौत उपडी केली की काय, असं वाटावं.

ती शाईच होती. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यामुळे त्यात टॅनिन असतं. टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचं सल्फेट) यांची शाई आपल्याकडे याच रीतीने करत. मी पोर्चमध्ये शाईचा कारखाना उघडला होता.

कातरण देणाऱ्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, उलट चिडले. "पावसात आम्ही पायातबी घालत न्हाई ते, आन तुमी सिमिटात घातलं?" हा प्रश्न पाडव्याआधी मी त्यांना विचारायला हवा होता. तेव्हापासून कुठलीही नवी वस्तू हाताळायच्या आधी मी ती रोज वापरणाऱ्या माणसाकडे जातो. बांगडीसाठी कासाराकडे, नटासाठी लेथवाल्याकडे, घड्याळाच्या चाकासाठी घड्याळजीकडे. इंटरनेट नंतर.

आता माझी सवय सांगतो. तुम्हाला पद्धतशीर काही हवं असेल तर दुसरीकडे बघा. माझ्याकडे एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. नव्या वस्तूचे तीन तुकडे घ्यायचे. एक रात्रभर पाण्यात, एक महिनाभर गच्चीवर उन्हात, एक ओल्या पांढऱ्या सिमेंटच्या गोळ्यात. नंतर तिन्ही डब्यात, वर चिठ्ठी. त्या डब्यात सध्या रंग उडालेली गुलाबी लाखेची बांगडी आहे, चंदेरी पापुद्रा सोललेली सीडी आहे आणि सिमेंटमध्ये भोकं भोकं पडलेला अॅल्युमिनियमच्या कॅनचा तुकडा आहे. ओल्या सिमेंटमधल्या क्षाराशी अॅल्युमिनियमची रासायनिक क्रिया होते आणि हायड्रोजनचे बुडबुडे येतात, ती भोकं त्याची.

कातडं मी आजही वापरतो. पण फक्त घराच्या आत, प्लायवूडवर, चांभाराच्या सोल्युशनने आणि सिमेंटचा कणही न लावता. लोखंड शेजारी हवंच असेल तर मध्ये चिनीमातीच्या तुकड्यांची ओळ. लोखंडाचं तेल आधी साबणाच्या गरम पाण्याने काढायचं, वाळवायचं आणि दोन हात लॅकर मारायचं. गंजच हवा असेल तर तो आधी आणून घ्या, मग त्यावर लॅकर मारा. "गंज आपोआप छान येईल" म्हणणाऱ्यांनी ग्राउटवर, म्हणजे फटींत भरलेल्या सिमेंटवर, उतरलेले तांबडे डाग पुसून बघावेत एकदा.

ग्राउट सगळीकडे फासू नका

फरशीचं काम बघून आलेले लोक मोझॅक म्हणजे ग्राउट असं धरून चालतात. एका विद्यार्थ्याने सहा महिने घड्याळजींची दुकानं पालथी घालून दोनशेच्या वर चाकं आणि तबकड्या जमवल्या. त्यातून घुबड केलं, आणि झालंही होतं अप्रतिम. मी दोन दिवस गावाला गेलो. त्याला धीर धरवला नाही, त्याने त्यावर काळं ग्राउट ओतून स्पंजने पुसलं. प्रत्येक चाकाच्या प्रत्येक दातात सिमेंट. पुढचे चार दिवस तो दाभण आणि टूथब्रश घेऊन बसला होता. घुबडाचा एक डोळा वाचला.

कीबोर्डची बटणं, शर्टाची बटणं, चेन, घड्याळाची चाकं यांना ग्राउट लागत नाही. फळी आधी गडद रंगवा, फटींतून तोच रंग दिसू द्या. जिथे ग्राउट लागतंच, तिथे आधी बघा की तुकडा रंग पितो का. मातीची पणती, विटेचा तुकडा, अंड्याचं कवच, लाकूड, सगळे पितात. त्यांना आधी सीलर लावा, नाहीतर करड्या ग्राउटनंतर सगळंच करडं. काचेच्या बांगडीवरचं सोनेरी काम तर पुसतानाच निघून जातं. मी त्यावर चिकटपट्टी लावतो, एकेका तुकड्यावर. "सर, एवढा वेळ?" हो, एवढा वेळ.

ग्राउट पातळ करू नका. भरायला सोपं जातं, पण जास्तीचं पाणी उडालं की ते आकसतं आणि तडे जातात. हातात घेतलेला गोळा सुटला नाही पाहिजे, इतपत घट्ट. आणि ते लवकर वाळावं म्हणून हेअर ड्रायर लावणाऱ्यांना मी कार्यशाळेतून बाहेर काढतो. सिमेंट वाळून नाही, ओल धरून घट्ट होतं. घर बांधताना पाणी मारतात ते काय उगाच? ओलं फडकं टाका आणि घरी जा.

घाईवरून आठवलं. लॉस एंजेलिसमध्ये सायमन रोडिया नावाच्या गवंड्याने १९२१ ते १९५४ अशी ३३ वर्षं एकट्याने मनोरे उभारले. पोलादी सळ्या, जाळी, सिमेंटचा मसाला आणि त्यात दाबलेल्या फुटक्या बशा, शिंपले, हिरव्या बाटल्या. पुढे पालिकेने ते धोकादायक ठरवून पाडायला काढले. तेव्हा १९५९ मध्ये त्यांना १०,००० पौंड वजनाइतका ताण लावून बघितला. मनोरे हलले नाहीत, ताण देणारी क्रेनच वाकायला लागली. लोक हे फोटो दाखवतात आणि वरच्या बशा मोजतात. आतली सळी कोणी विचारत नाही. चंडीगडच्या रॉक गार्डनचंही तेच. नेक चंद यांनी १९५७ पासून लपूनछपून ते रचलं आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या बाहुल्यांच्या अंगावरच्या बांगड्या सगळ्यांना दिसतात, पण आत काँक्रीटचं अंग आहे.

तेव्हा पाया. पावसाची झड लागणाऱ्या जागी एमडीएफ नको, सिमेंट बोर्ड घ्या. गम पांढरा नको, टाइल अॅढेसिव्ह किंवा दोन नळ्यांचा इपॉक्सी. झटपट चिकटणारा थेंब गम तर शिवूच नका. तो चकचकीत आणि गडद वस्तूंवर पांढुरका धूर सोडतो आणि जरा धक्का लागला की तडकतो.

आरसे चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, मागचा मुलामा खातो आणि काळे डाग पडतात. न्यूट्रल मागा. दुकानदार "सगळं एकच असतंय" म्हणेल, तरी न्यूट्रलच मागा.

डाळी, राजमा, चिंचोके वापरणाऱ्यांसाठी एकच शब्द : सोंडे. आधी ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात चांगले वाळवा, नंतर सगळ्या बाजूंनी वॉर्निश करा. तरीही मला खात्री वाटत नाही, मी वापरत नाही.

अंड्याच्या कवचाच्या आतला पापुद्रा काढा. काच कापताना गॉगल घाला. लोखंडाचा कीस हातमोज्याशिवाय उचलू नका, तो ब्लेडइतकाच कापतो.

एक चूक मालाची नाही, नजरेची आहे. पोत्यात आहे ते सगळं लावायचंच, हा हट्ट. वस्तू गमतीदार आहे म्हणून चित्र चांगलं होत नाही. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. नाक आणि गाल एकाच करड्या रंगाचे दिसत असतील तर तुमची महागडी बटणं वाया गेली. मी आधी माल फिका, मध्यम, गडद अशा तीन ताटांत वेगळा करतो. रंग मग बघतो. ज्यांना ताटं करायचा कंटाळा येतो त्यांचं काम दहा फुटांवरून मिसळीसारखं दिसतं. मिसळ खायला चांगली.

शेवटचं, टांगण्याचं. तीन फूट बाय दोन फुटांचं चिनीमातीचं पॅनेल सहज दहा-बारा किलो भरतं. राजारामपुरीतल्या एका ताईंनी ते भिंतीला चिकटणाऱ्या हुकावर लावलं, कारण भिंतीला भोक पाडायचं नव्हतं. रात्री दोन वाजता ते खाली आलं. सासूबाई चोर चोर म्हणून ओरडत गॅलरीत गेल्या, समोरच्या घरातले काठ्या घेऊन धावले. आता भिंतीत दोन भोकं आहेत, दोन मोठे रावळ प्लग आहेत, आणि पॅनेलच्या फुटक्या कोपऱ्यात त्या रात्री फुटलेल्या फुलदाणीचे तुकडे बसवले आहेत. तो कोपरा मात्र झकास जमलाय.