घरपोच स्टेकचा बॉक्स घ्यावा की दुकानातलं मांस? हिशोब असा करा

दोन वर्षांपूर्वी नाताळात ऑफिसकडून थर्माकोलचा भला मोठा बॉक्स दारात आला. वर धुरकट वाफ सोडणारा ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), खाली आठ फिले मिन्यॉन (गाईच्या पाठीकडचा सगळ्यात मऊ स्टेक), चार बर्गर, चार हॉट डॉग आणि बटाट्याचं काहीतरी. पाहुण्यांना बोलवायचे बेत झाले. मग मी एक तुकडा वजनकाट्यावर ठेवला. पाच औंस, म्हणजे जेमतेम १४० ग्रॅम. आपल्याकडे पावकिलोच्या खाली मटण मागितलं तर खाटीक सुरीसुद्धा उचलत नाही.

अमेरिकेत टपालाने स्टेक मागवणं नवीन नाही. नेब्रास्कातली ओमाहा स्टेक्स ही कंपनी १९१७ सालची, आणि १९५०च्या दशकापासून ती टपालाने मांस पाठवते आहे. आता अशा कंपन्या ढीगभर आहेत. इथल्या मराठी मंडळींपैकी जे बीफ खातात, त्यांच्यात दर सणाला हा प्रश्न निघतो: एवढे पैसे मोजावेत का? जे खात नाहीत, त्यांना गोठवलेलं बकऱ्याचं मटण मागवताना यातला पहिला हिशोब जसाच्या तसा चालेल.

आधी पाउंडाचा भाव काढा

जाहिरातीत 'आठ स्टेक, चार बर्गर, चार हॉट डॉग' असं नगावर सांगतात, वजनावर नाही. फसगत इथेच होते. प्रत्येक नगाचं वजन पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, ते शोधा. १६ औंसांचा एक पाउंड होतो, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

समजा, बॉक्स १६० डॉलरचा आणि पाठवणावळ २० डॉलर. एकूण १८०. त्यातून बर्गर, हॉट डॉग, बटाटे यांची किंमत वजा करा, पण दुकानात त्यांना जे पडतात तेवढीच. उदार होऊन २० डॉलर धरू. उरले १६०. आठ फिले, प्रत्येकी पाच औंस, म्हणजे ४० औंस, अर्थात अडीच पाउंड. १६० भागिले अडीच: पाउंडाला ६४ डॉलर. आता हा आकडा खिशात घेऊन दुकानात जा आणि त्याच कटच्या, म्हणजे जनावराच्या त्याच भागाच्या, पाटीवरचा भाव बघा. फिलेशी फिले, रिबआयशी (बरगडीकडचा स्टेक) रिबआय. बॉक्समधल्या फिलेची तुलना दुकानातल्या सरलॉइनशी (कमरेकडचा, स्वस्त कट) करणं म्हणजे हापूसचा भाव पायरीला लावणं.

आणि 'मूळ किंमत' म्हणून जो खोडलेला आकडा दाखवतात, त्याकडे ढुंकूनही पाहू नका. वर्षातले किती दिवस तिथे सूट नसते, ते महिनाभर लक्ष ठेवून पाहा.

मग ग्रेड विचारा

अमेरिकेच्या कृषी खात्याचे, म्हणजे यूएसडीएचे, दोन शिक्के असतात आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात. गोल शिक्का तपासणीचा. ती सक्तीची आहे, विक्रीच्या मांसाला ती चुकत नाही. त्यामुळे 'यूएसडीए तपासलेले' ही फुशारकी म्हणजे 'आमच्या दुधात दूध आहे' असं सांगणं. दुसरा ढालीच्या आकाराचा शिक्का ग्रेडचा. तो ऐच्छिक असतो आणि त्यासाठी कंपनी पैसे भरते. दुकानात दिसतील त्यात वरून खाली प्राइम, चॉइस, सिलेक्ट. ही उतरंड मुख्यतः जनावराचं वय आणि मांसात विखुरलेली चरबी पाहून ठरते. पांढऱ्या रेषांचं ते जाळं, ज्याला इथे मार्बलिंग म्हणतात, जितकं बारीक आणि दाट तितका स्टेक रसाळ.

बॉक्सच्या जाहिरातीत प्राइम किंवा चॉइस असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर मी ते सिलेक्टच्या आसपासचं धरून चालतो. 'खास राखीव', 'बुचरची निवड' ही कंपन्यांनी स्वतःच ठेवलेली नावं, ती ग्रेड नव्हेत. अँगसही ग्रेड नाही, ती गुरांची जात आहे. १९७८ साली सुरू झालेलं 'सर्टिफाइड अँगस बीफ' हे मात्र वेगळं. त्याला मार्बलिंगसकट दहा अटी आहेत आणि ते मांस वरच्या दर्जाचं चॉइस किंवा प्राइम असतं. नुसतं 'अँगस' वाचून भुलू नका.

दुकानात गेल्यावर

प्लास्टिकच्या ट्रेकडे न जाता थेट मांसाच्या काउंटरवर जा आणि बोला. आपल्या बापजाद्यांनी खाटकासमोर उभं राहून 'नळी घाल, सीना नको, मांडीचं दे' असं सांगून मटण आणलं. ती सवय इथे आल्यावर का सुटते कळत नाही. दीड इंच जाडीचा कापून मागा, बहुतेक ठिकाणी हसत देतात. रिबआय परवडत नसेल तर चक आय विचारा. रिबआयच्या अगदी शेजारचा तुकडा, चवीला जवळचा, भाव पुष्कळ कमी. दुकानाला रोज मोजकेच मिळतात, म्हणून सकाळी जा. कॉस्टको या घाऊक दुकानांच्या साखळीत प्राइम मिळतं. मात्र लेबलवर 'ब्लेड टेंडराइज्ड' लिहिलं आहे का बघा. त्यात सुया टोचून मांस मऊ केलेलं असतं, आणि वरचे जंतू आतपर्यंत पोचू शकतात. असा स्टेक आतून लालसर ठेवायचा नाही: मधोमध १४५ अंश फॅरनहाइट, आणि आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं विश्रांती.

मागवावं कधी?

माझ्या मते दोनच प्रसंगी. एक, जे गावात मिळत नाही ते हवं असेल: चार-सहा आठवडे ड्राय-एज केलेलं, किंवा अमेरिकन वाग्यू (जपानी वंशाच्या गुरांचं, भरपूर मार्बलिंगचं मांस). ड्राय-एजमध्ये मांस थंड हवेत उघडं टांगतात, पाणी उडतं, वजन घटतं, वरचा वाळलेला थर कापून टाकावा लागतो. महाग का ते त्यातच आलं. पण तो खमंग, किंचित चीजसारखा वास ट्रेमधल्या मांसाला येत नाही. दोन, दूरच्या कुणाला भेट पाठवायची असेल. तिथे तुम्ही मांसाचे नाही, बॉक्स उघडतानाच्या चेहऱ्याचे पैसे देता, आणि त्यात काही गैर नाही. लहान गावात राहत असाल आणि जवळच्या दुकानात सिलेक्टच्या वर काही येत नसेल, तर तेही पहिल्या कारणातच धरा.

बॉक्स आल्यावर

येण्याच्या दिवशी घरी कुणीतरी असू द्या, उन्हाळ्यात तर नक्कीच. उघडल्या उघडल्या हात लावून पाहा: मांस गोठलेलं, निदान बर्फाचे कण दिसतील इतकं तरी हवं. नुसतं गार वाटलं तर थर्मामीटर लावा. ४० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं असेल तर खाऊ नका, फोटो काढून कंपनीला कळवा. ड्राय आइस उघड्या हाताने उचलू नका. उणे ७८ अंश सेल्सियसला कातडी भाजल्यासारखी होते. तो सिंकमध्ये टाकू नका, मुलांच्या हाती देऊ नका, खिडकी उघडून उडून जाऊ द्या.

व्हॅक्यूम पॅकमधलं मांस जांभळट दिसेल. घाबरू नका, हवा लागली की अर्ध्या तासात लाल होतं.

तव्यावर

फ्रीजमध्ये अख्खा एक दिवस ठेवून वितळवा. कागदाने टिपून चांगलं कोरडं करा, मीठ लावा, लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवा. पाच औंसांचा लहानसा फिले दोन मिनिटं जास्त राहिला की चामडं होतो. थर्मामीटर नसेल तर तोच आधी घ्या, स्टेक नंतर.

आणि शेवटी एक संध्याकाळ परीक्षेला द्या. एकाच कटचे, एकाच जाडीचे दोन स्टेक, एक बॉक्समधला, एक दुकानातला. दोन्ही एकाच तव्यावर भाजा, दुसऱ्या कुणाला तरी कापून वाढायला सांगा, कोणता कोणता ते सांगू देऊ नका. पुढे मी स्वतः पैसे भरून रिबआयचा बॉक्स मागवला, तेव्हा आमच्याकडे चौघांनी अशी चव घेतली. तिघांनी दुकानातला निवडला. चौथा मी होतो.