गाय गाभडली, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला? या चुका टाळा

"डॉक्टरसाहेब, तुमची मशीन बिघडलीय. तिसरी गाय गाभडली आणि रिपोर्ट पुन्हा निगेटिव्ह!"

असा फोन अधूनमधून येतोच. आता आमच्याकडे या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या, तपासणीला मशीन अशी नसतेच. एक पांढरी पट्टी, गुलाबी रंगाच्या अँटिजेनचा (म्हणजे रंगवलेल्या मेलेल्या जिवाणूंचा) थेंब, रक्तजलाचा थेंब आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढाच संसार. पण फोन करणाराही खोटं बोलत नसतो. गायी खरंच गाभडलेल्या असतात आणि बहुतेक वेळा रिपोर्टही खरा असतो. घोळ झालेला असतो तो गोठा ते प्रयोगशाळा या वाटेवर. काय घेतलं, कधी घेतलं, कशात घालून पाठवलं, यातच निम्मा निकाल लागून गेलेला असतो.

मी इथे ब्रुसेलोसिसबद्दल बोलतोय, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. गायी-म्हशींत तो मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूमुळे होतो आणि शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिसमुळे. सहसा पाचव्या महिन्यानंतर, त्यातही सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडते, वार अडकते, पुढे ती उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. वळूचे वृषण सुजतात. जनावरातून माणसात येणारा हा रोग आहे, त्यामुळे इथली चूक फक्त रिपोर्टावर भागत नाही.

पहिला तास

सगळ्यात महागात पडणारी चूक प्रयोगशाळेपासून कोसभर लांब, गोठ्यातच होते. गाय गाभडली की घरातलं कुणीतरी बाह्या सरसावून पुढे होतं आणि उघड्या हाताने वार ओढायला लागतं. त्या वारेत आणि गर्भजलात जिवाणू अक्षरशः कोट्यवधींच्या संख्येने असतात. हातावरचा विळ्याचा ओरखडा, डोळ्यात उडालेला एक शिंतोडा, नाकातोंडावाटे आत गेलेले तुषार, यातलं काहीही त्यांना पुरतं. पशुवैद्यकांमध्ये हा रोग का आढळतो, याचं उत्तर यातच आहे. आमच्या पेशातले कित्येक जण ऐन उमेदीत असे बिनहातमोज्याचे राबले आणि पुढे सांधे धरून बसले.

मग ते वासरू आणि वार उकिरड्यावर फेकली जाते. कुत्री ओढून नेतात, शेजारच्या दावणीपर्यंत सांडत जातात. बाकीच्या गायी ती जागा हुंगतात, चाटतात. सावलीतल्या ओलसर जागेत हा जिवाणू आठवडेच काय, महिनेही तग धरतो. कळपातली दुसरी आणि तिसरी गाय याच मार्गाने जाते.

म्हणून गाभडलेली गाय आधी वेगळी बांधा. कोपरापर्यंतचे हातमोजे, मास्क आणि डोळ्यांवर काहीतरी, निदान साधा चष्मा तरी घाला. गोठ्याची साफसफाई आपल्याकडे बायकांच्या वाट्याला येते. घरात कुणी गरोदर असेल तर तिला या कामापासून कटाक्षाने लांब ठेवा, कारण माणसातही या रोगाने गर्भपात होऊ शकतो.

आणि पुरायची घाई करू नका. ही उलटी चूक चांगल्या, शिस्तीच्या माणसांकडून होते. डॉक्टर पोचेपर्यंत खड्डा बुजवून वर चुना टाकलेला असतो! रोगाचा सगळ्यात पक्का पुरावा त्या वासराच्या पोटात आणि वारेत होता. दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून, सावलीत, कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. नमुना घेऊन झाला की मग खोल खड्डा आणि चुना.

बाटली चुकली की सगळं चुकलं

रक्त जांभळ्या झाकणाच्या बाटलीत आलं की आमचा जीव खालीवर होतो. तिच्यात रक्त गोठू न देणारं रसायन असतं आणि आम्हाला तर गोठल्यावर सुटणारं रक्तजल हवं असतं. लाल झाकणाची साधी बाटली घ्या. रक्त सावलीत तास-दोन तास तिरपं ठेवून गोठू द्या, मगच थंडीत घाला. अख्खं रक्त फ्रीजरमध्ये ठेवलंत तर पेशी फुटतात आणि आमच्या हाती लाल पाणी लागतं. त्यात गुलाबी अँटिजेनच्या गुठळ्या काय दिसणार?

एकदा अख्खं वासरू फॉर्मेलिनने भरलेल्या बादलीत आलं होतं. पाठवणाऱ्याने फार आपुलकीने मुरवलं होतं ते. ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तर फॉर्मेलिन योग्यच, पण जिवाणू वाढवून बघायचे असतील तर त्यात सगळे मरून गेलेले असतात. वाढीसाठी वासराच्या चौथ्या पोटातला द्रव निर्जंतुक सिरिंजने, शिवाय फुप्फुस, प्लीहा आणि वारेच्या गाठी, असं सगळं वेगवेगळ्या निर्जंतुक डब्यांत, फॉर्मेलिनशिवाय, आइस पॅकवर पाठवायचं असतं. हे काम पशुवैद्यकाचं आहे, मालकाने हौसेने वासरू चिरायचं नाही.

थर्मासात सुटा बर्फ भरू नका. तो वितळतो, शाई पुसली जाते आणि आठ बाटल्यांतली कुठली कपिलेची नि कुठली चंद्रीची, हे देवच जाणे. चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक टाका. सोबतच्या कागदावर गाभण महिना, गाभडल्याची तारीख, गाय घरची की विकत घेतलेली, लस कधी दिली आणि आधी किती गाभडल्या, एवढं लिहा. हा कागद कोरा आला की आम्हाला आंधळ्यासारखं चाचपावं लागतं.

आज गाभडली, आज रक्त घेतलं

मशीन बिघडल्याच्या फोनामागे बहुतेकदा हेच कारण असतं. आपली नेहमीची तपासणी, म्हणजे रोझ बंगाल चाचणी, जिवाणू शोधत नाही. ती जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. गाय गाभडते त्या सुमाराला काही जनावरांत ही प्रतिद्रव्यं दिसण्याइतकी वाढलेलीच नसतात. त्या दिवशी घेतलेलं रक्त निगेटिव्ह आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी काही दिसलं नाही. त्याच गायीचं रक्त तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या. दोन रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट होतं. माझा आग्रह असा की पहिलं रक्त घेतानाच दुसऱ्याची तारीख कॅलेंडरवर लिहून टाकावी. तीन आठवड्यांनी आठवण राहत नाही, हा अनुभव आहे.

याहून फसवी असते ती रोगी आईची कालवड. जन्मतः किंवा दुधातून तिच्यात जिवाणू शिरतो आणि मुक्काम करून बसतो. रक्त तपासा, निगेटिव्ह. वर्षाने तपासा, निगेटिव्ह. पहिल्या वेताला मात्र गाभडते, नाहीतर विते आणि जिवाणू सोडायला लागते. "घरचीच आहे, बाहेरून काही आणलं नाही," असं मालक शपथेवर सांगतो आणि ते खरंही असतं. अशा कालवडी संशयितच धरायच्या.

एकाच गायीचा नमुना पाठवणं हीसुद्धा चूकच. ही चाचणी कळपाचा अंदाज घ्यायला उत्तम आणि एकट्या जनावराचा निवाडा करायला अपुरी आहे. गाभडलेली, गेल्या वर्षी गाभडलेली, वार अडकलेली, सारखी उलटणारी, गुडघ्यावर पाण्याची गाठ आलेली, असे सगळे नमुने एकत्र पाठवा. पॉझिटिव्ह आलं तर एलायझासारख्या दुसऱ्या चाचणीने खातरजमा होते. आपल्याकडे त्यासाठी औंधला, पुण्यात, रोग अन्वेषण विभाग आहे. (पुण्याचं या विषयाशी जुनं नातं आहे. देशातली पशुरोगांची पहिली संशोधन प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच सुरू झाली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.)

आणि सगळं नीट करूनही निगेटिव्हच आलं तर? मग ते मान्य करा. लेप्टोस्पायरा, आयबीआरचा विषाणू, निओस्पोरा, गोचीडतापासारखा तीव्र ताप, पोटावर बसलेली लाथ, कशानेही गाय गाभडते. प्रत्येक गर्भपात ब्रुसेलाचाच, असं धरून बसलेले तरुण डॉक्टरही मी पाहिलेत. वारेच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या नमुन्यात, लाल कण दिसले की ते लगेच शिक्का मारतात, पण त्याच रंगपद्धतीत कॉक्सिएला आणि क्लॅमिडिया हे दुसरे जिवाणूही तसेच दिसतात.

पट्टीवरच्या बारीकसारीक चुका

ही गोष्ट दवाखान्यातच चाचणी करणाऱ्या मंडळींसाठी. अँटिजेन फ्रीजमधून काढून थेट वापरू नका. ते आणि रक्तजल दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. समसमान थेंब मिसळा, हलवत राहा, चार मिनिटांनी बघा. चहा पिऊन आल्यावर बघितलंत तर कडा सुकून खोट्या गुठळ्या दिसतात. माहीत असलेलं पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रक्तजल दर वेळी शेजारी लावा, नाहीतर अँटिजेन खराब झालं हे कळायला वाव नाही.

दुधातली प्रतिद्रव्यं शोधणारी रिंग चाचणी संकलन केंद्रावर सोयीची, पण चीक, दगडीचं दूध किंवा आटत आलेल्या गायीचं दूध तिला चकवतं. शेळी-मेंढीच्या दुधाला ती चालत नाही.

लस: कुणाला नाही, हे आधी

सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलाचीही लस दिली जाते. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच द्यायची असते. वापरली जाणारी एस-१९ ही जिवंत लस आहे. खोंडाला दिली तर वृषणं सुजू शकतात, गाभण गायीला दिली तर तीच गाभडू शकते. "सगळ्यांनाच टोचा ना साहेब, उरलीय," या आग्रहाला बळी पडू नका. वय उलटून गेलेल्या जनावराला टोचली तर आणखी एक भानगड होते. लसीची प्रतिद्रव्यं रेंगाळतात आणि रोझ बंगालला ती खऱ्या रोगापेक्षा वेगळी ओळखू येत नाहीत. निरोगी गाय कागदावर रोगी ठरते.

टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर हसण्यावारी नेऊ नका. लगेच धुवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि लसीची कुपी सोबत न्या.

जंतुनाशकाची तारीखही बघत जा. चीनमधल्या लानझोऊ शहरात २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरांची ब्रुसेला लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर जाणारी हवा निर्जंतुक झाली नाही, जिवाणू वाऱ्याबरोबर पसरले आणि शेजारच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतली माणसं आजारी पडली. सप्टेंबर २०२० पर्यंत ३,२४५ जणांना लागण झाल्याचं तिथल्या प्रशासनाने जाहीर केलं. आपल्या गोठ्यात वर्षभर तोंड उघडं पडलेल्या ब्लीचिंगच्या पोत्यातही क्लोरीन किती उरलं असेल, कुणास ठाऊक. शिवाय आधी शेण खरवडून काढा, मग औषध टाका. शेणावर ओतलेलं जंतुनाशक शेणातच संपतं.

पॉझिटिव्ह आली म्हणून बाजार दाखवला

ही चूक कुणाच्या अज्ञानाने होत नाही, हे मान्य केलं पाहिजे. जनावरात या रोगावर खात्रीचा इलाज नाही. कत्तल करून कळप स्वच्छ करायची काही देशांतली वाट महाराष्ट्रात गायीच्या बाबतीत बंद आहे. दूध तर चालू आहे आणि हप्ते थकलेत. मग गाय गुपचूप बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या दावणीला रोग बांधला जातो. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण पॉझिटिव्ह गाय सांभाळायचा खर्च कोण उचलणार, हे कुणी बोलत नाही. तरीही, जनावरांच्या सांसर्गिक रोगांसाठीच्या २००९ च्या कायद्याने रोगाचा संशय कळवणं मालकाला बंधनकारक आहे. गाय वेगळी बांधा, तिची धार शेवटी काढा, तिच्यावर वळू सोडू नका, आणि विण्याच्या वेळी पहिल्या तासाचे सगळे नियम पुन्हा पाळा. दूध उकळूनच वापरा. नवी गाय आणताना तपासूनच आणा आणि महिनाभर वेगळी बांधून पुन्हा तपासा.

कच्च्या दुधावरून आठवलं. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली माल्टा बेटावर सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी तिथल्या शेळ्या तपासल्या, तेव्हा दिसायला धडधाकट शेळ्याच जिवाणू बाळगून होत्या. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला. "आमची शेळी ठणठणीत आहे," म्हणून धारोष्ण पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माणसाच्या डॉक्टरला गोठा सांगितला नाही

संध्याकाळी चढणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, कंबर आणि सांधे धरणं, पुरुषांत कधी वृषण सुजणं. असा ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, टायफॉइड समजून औषधं होतात, कधी क्षयाची शंका येते. डॉक्टरने विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही, म्हणून निदान अडकतं. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर आपणहून सांगा: घरी जनावरं आहेत, अमुक महिन्यात एक गाभडली, वार मी काढली. उपचार आहे, पण दोन औषधं मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात आणि मध्येच सोडली की ताप परत येतो. रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून बघायला, जाणार असेल तर ब्रुसेलाचा संशय त्या कागदावर लिहायला लावा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना जिवाणू वाढवायच्या बशीतून लागण होण्यात हा जिवाणू कुप्रसिद्ध आहे, आणि ती बशी उघडणाऱ्या मुलीला आत काय आहे ते माहीत नसतं.