नवतप्यातलं दही: मनासाठी खायचं असेल तर विरजण आधी सांभाळा

'रात्री दही लावा, सकाळी वाटीभर खा, मन शांत राहील' असा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. तो लिहिणाऱ्यानं यवतमाळ-वर्ध्याकडचा मे महिना पाहिलेला नसतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, घरातली हवा मध्यरात्रीही पस्तिशीच्या आसपास असते. संध्याकाळी 7 ला विरजलेलं दूध 11 पर्यंत लागतं आणि सकाळी गंजात (पातेल्यात) आंबटढाण दही, वर पिवळसर निवळी. असं दही कोणी वाटीनं खात नाही, त्याची कढी होते. कढीला उकळी आली की ज्या जिवाणूंसाठी हा खटाटोप केला तेच संपतात.

मनाचं काय, ते आधी स्पष्ट करून टाकू. आतडं आणि मेंदू यांच्यात व्हेगस मज्जातंतूची थेट तार आहे. 2011 साली उंदरांना एका जातीचे लॅक्टोबॅसिलस (दूध आंबवणाऱ्या जिवाणूंचा एक गट) दिल्यावर त्यांची भीती कमी झालेली दिसली. ही तार कापलेल्या उंदरांत मात्र तो परिणाम दिसला नाही. 2013 च्या एका अभ्यासात 36 निरोगी स्त्रियांपैकी काहींना आंबवलेलं दूध रोज दोनदा, 4 आठवडे दिलं. भावना दाखवणारे चेहरे पाहताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद बदललेला आढळला, पण या अभ्यासाला पैसा दही विकणाऱ्या कंपनीचाच होता. 2017 मध्ये उंदरांतला तोच जिवाणू 29 निरोगी पुरुषांवर वापरून पाहिला, फरक पडला नाही. तेव्हा थोडी आशा आहे, हमी नाही. 'बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणून दही खाल्लं की आनंद' हे तर सोडूनच द्या. सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन खरं, पण आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही.

एवढ्या थोड्या आशेसाठीही अट एकच: जिवाणू जिवंत हवेत आणि रोज पोटात जायला हवेत.

दूध उकळा, 2-3 मिनिटं ढवळत उकळू द्या, उतरवा.

आता खरी अडचण. जवळपास सगळं दही विरजण घालण्याच्या वेळीच बिघडतं. स्वच्छ बोट दुधात बुडवून सावकाश 10 आकडे मोजा. चटका बसला तर दूध जास्त गरम आहे, विरजण भाजेल. हिवाळ्यात ते सुखद कोमट हवं. एप्रिल-मेमध्ये मात्र बोटाला गरमपणा जेमतेम जाणवेल इतकं निवू द्या, कारण बाहेरची हवाच त्याला ऊब देणार आहे. विरजणाचं मापही बदलतं. एक लिटर दुधाला डिसेंबरात 2 चहाचे चमचे लागतात, मेमध्ये अर्धा चमचा पुरे. 'जास्त विरजण म्हणजे घट्ट दही' हा समज चुकीचा आहे. जास्त घातलं की आम्ल झपाट्यानं वाढतं, दही आक्रसतं आणि पाणी सुटतं. विरजण थोड्या दुधात फेटून घ्या, मग गंजात ओता, एकदाच ढवळा आणि नंतर हलवू नका.

उन्हाळ्यात घड्याळावर विसंबू नका, दह्याकडे पाहा. तिसऱ्या तासापासून भांडं हळूच कलतं करून बघायचं. दही कडेपासून एकसंध सुटलं आणि वर पाणी नसलं की ते लागलं. तिथून पुढचा प्रत्येक तास आंबटपणाचा. आंबटपणा वाढत गेला की जिवाणू स्वतःच्याच आम्लात मंदावतात, पुढे मरतात, आणि त्याच दह्याचं विरजण दुसऱ्या दिवशी लंगडं पडतं. म्हणून झोपायच्या आधी दही लागलेलं पाहिजे, म्हणजे विरजायची वेळ संध्याकाळी 6-7. लागलं की फ्रीजमध्ये. लाइटचा भरवसा नसेल तर परातीत पाणी घालून त्यात भांडं ठेवा, वरून ओला सुती कपडा असा पांघरा की त्याची टोकं पाण्यात राहतील. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ही युक्ती कूलरसारखी चालते. पावसाळ्यात ती निकामी.

पुढचं विरजण (वऱ्हाडात इरजण) उरलेल्या आंबट दह्यातून घेऊ नका. दही लागल्या-लागल्या, साय बाजूला सारून, मधलं दोन चमचे काढून झाकून थंड ठेवा. दह्याला तार सुटू लागली, किंवा ते बुडबुडलं, तर दुसऱ्या घरचं ताजं विरजण आणा. गुलाबी किंवा हिरवा ठिपका दिसला तर दही गुरांनाही नको, फेकाच. मिरचीचे देठ टाकून लावलेलं दही लागतं खरं, पण त्यात कोणता जिवाणू वाढला ते देवालाच ठाऊक. अशा दह्यावर मनाची भिस्त ठेवणं मला तरी मान्य नाही.

तसं पाहिलं तर घरच्या दह्याला 'प्रोबायोटिक' (तब्येतीला फायदा करणारे जिवंत जिवाणू असलेलं) म्हणता येत नाही. त्या शब्दासाठी जिवाणूची नेमकी जात आणि संख्या माहीत असावी लागते. विकतच्या डब्यावर ती छापलेली नसेल तर जास्तीचे पैसे देऊ नका.

खायचं दोन जेवणांसोबत वाटी-वाटी, निदान 4 आठवडे. ताक चालेल, मीठ, जिरं, सांबार (कोथिंबीर) घालून. आंबील अनेकजण यात धरतात, पण ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलं की ते जिवाणूही मेले. आंबील कोमट झाल्यावर वरून ताजं ताक घाला, मग ती धरू. जोडीला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कांदा-लसूण हवंच. आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं तेच.

डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची किंवा झोपेची गोळी दह्याच्या भरवशावर बंद करायची नाही. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास आहे, झोप उडाली आहे, वावरात जावंसं वाटत नाही, असं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर आजच. त्या माणसाला एकटं ठेवू नका.

डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांपैकी एखादं प्रतिजैविक (अँटिबायोटिक) चालू असेल तर ती गोळी दह्या-ताकासोबत घेऊ नका. दुधातलं कॅल्शियम औषध धरून ठेवतं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांनी वाटी.