धुताना वाहून जाणारी बायोफिल्म : मीठप्रेमी आर्कियांवर काम करताना या चुका टाळा

मिठागराच्या पाण्यातून वेगळे केलेले आर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटातले एकपेशीय सूक्ष्मजीव) काचेवर किंवा प्लास्टिकवर बायोफिल्म, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या पेशींचा थर, धरतात का, हे तपासायला घेतलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत पहिली नोंद पुष्कळदा 'बायोफिल्म आढळली नाही' अशी असते. या नोंदीवर लगेच विश्वास ठेवू नये. थर धरलेला असतो, पण तो आपण आपल्याच हाताने धुऊन टाकलेला असतो.

ही चूक होते, कारण ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास या जिवाणूंसाठी लिहिलेली पद्धत आपण जशीच्या तशी उचलतो. त्या पद्धतीत प्लेटच्या लहान खळग्यांत वाढवलेले सूक्ष्मजीवांचे कल्चर ओतून दिल्यावर खळगे ऊर्ध्वपातित पाण्याने किंवा फॉस्फेट बफर सलाईनने दोन-तीनदा धुवायचे असतात. या सलाईनमध्ये मीठ जेमतेम 0.8 टक्के असते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम हे आर्किया मात्र सुमारे 25 टक्के मिठात वाढते. त्याच्या पेशीभोवती जिवाणूंसारखी पेप्टिडोग्लायकनची भिंत नसते. जे ग्लायकोप्रथिनांचे आवरण असते, ते सोडियम आणि मॅग्नेशियमच्या आधारानेच उभे राहते, आणि पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेले असते. अशा पेशीवर गोडे पाणी पडले की आवरण ढासळते, पाणी आत घुसते आणि पेशी फुटते. मृत समुद्रातून मिळालेले हॅलोफेरॅक्स व्होल्कानी तुलनेने सोशिक असले, तरी गोड्या पाण्यात तेही टिकत नाही. जाड, कणखर भिंतीचे हॅलोकॉकस मात्र या धुण्यातून सहीसलामत सुटते. त्यामुळे या आर्कियांची आपसात तुलना केली तर हॅलोकॉकस उगीचच 'उत्तम बायोफिल्म तयार करणारे' ठरते.

माझ्या पहिल्या प्रयोगात काचपट्टीवरचा फिकट गुलाबी थर पाण्याच्या दोन थेंबांनी नाहीसा झाला आणि पिपेटच्या टोकाला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबू लागली. बायोफिल्मचा चिकट पदार्थ हाती लागला, या समजुतीने मी तो जपूनही ठेवला. प्रत्यक्षात तो फुटलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला डीएनए होता. धुताना अशी तार दिसली, तर प्रयोग तिथेच थांबवून धुण्याचे पाणी बदलावे.

धुण्यासाठी मीडियममधलेच, म्हणजे वाढीच्या द्रवातलेच, खारे पाणी वापरावे. त्यातली पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ही पोषके तेवढी वगळावीत. हॅलोफेरॅक्ससाठी प्रतिलिटर 144 ग्रॅम सोडियम क्लोराइड, 18 ग्रॅम सजल मॅग्नेशियम क्लोराइड, 21 ग्रॅम सजल मॅग्नेशियम सल्फेट आणि 4.2 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड हे प्रमाण चालते. नुसत्या मिठाच्या पाण्यावर भागवू नये, कारण मॅग्नेशियमवाचून आवरण ढिले पडते. थर धरलेली कव्हरस्लिप (पातळ काच) या पाण्यात हलकेच बुडवून काढावी, तिच्यावर धार सोडू नये. त्यानंतर ती 2 टक्के ॲसिटिक आम्लात काही मिनिटे ठेवावी. पेशी स्थिर करण्याची ही युक्ती खाऱ्या नमुन्यांच्या ग्रॅम रंजनासाठी (जिवाणू ओळखण्याच्या रंगपरीक्षेसाठी) 1955 पासून वापरात आहे. हे स्थिरीकरण झाले, कव्हरस्लिप वाळली आणि 0.1 टक्के क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंजन झाले, की मग साध्या पाण्याला भ्यायचे कारण उरत नाही. उलट तेव्हा ते हवेच असते.

याचे कारण दुसऱ्या, नेमक्या उलट्या चुकीत आहे. खारे पाणी वाळले की मिठाचे स्फटिक उरतात, त्यांच्या फटींत रंग अडकतो आणि पेशी नसलेल्या खळग्यातही जांभळे वलय दिसते. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये केवळ निर्जंतुक मीडियम भरलेले काही खळगे ठेवावेत आणि त्यांच्या रंगाचे मोजमाप वजा केल्याशिवाय कोणताही आकडा वहीत लिहू नये.

हे स्फटिक उबवणीच्या काळातही पडतात, कारण 45 अंश सेल्सियसला आठवडाभर ठेवलेली प्लेट कडेच्या खळग्यांपासून सुकत जाते. त्यावर उपाय म्हणून प्लेट बंद डब्यात ठेवून शेजारी ओला कागद ठेवण्याची पद्धत आहे, पण तो कागद साध्या पाण्याने भिजवू नये. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे पाझरते, तसे खारे मीडियम डब्यातली वाफ ओढून घेते आणि हळूहळू पातळ होते. कागद मीडियमइतक्याच खाऱ्या पाण्याने भिजवला की हा प्रश्न मिटतो.

कल्चर मुळातच वाढत नसेल, तर पेप्टोनकडे पाहावे. काही उत्पादकांच्या पेप्टोनमध्ये पित्तक्षारांचे अंश असतात आणि ते हॅलोबॅक्टेरियमच्या पेशी फोडतात. साबणाने धुऊन नीट न खंगाळलेल्या काचनळ्याही तेच करतात. कॅल्शियम क्लोराइड मीडियम ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) निर्जंतुक केल्यानंतर वेगळे घालावे, नाहीतर तळाशी बसलेला पांढरा साका बायोफिल्म म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो.

प्लेट शेकरवर ठेवू नये आणि दुसऱ्याच दिवशी निकालही मागू नये. हॅलोफेरॅक्स चौथ्या प्रकारच्या पिलींनी, म्हणजे केसासारख्या प्रथिन तंतूंनी, पृष्ठभागाला धरते; त्यानंतर सूक्ष्म वसाहती होतात आणि मग थर चढतो. स्थिर कल्चरमध्ये उभ्या ठेवलेल्या कव्हरस्लिपवर हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर आधी पाहावे.

गुलाबी रंग दिसला की आर्किया, असेही धरून चालू नये. लोणार सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया, म्हणजे मीठप्रेमी आर्किया, असल्याचे दाखवले. परंतु 2002 मध्ये वर्णन झालेले सॅलिनिबॅक्टर रुबर हे लालसर जिवाणूही मिठागरांत त्यांच्या शेजारीच राहते. खात्रीसाठी सूक्ष्मजीवांची ओळख पटवणाऱ्या 16 एस आरएनए जनुकाचा क्रम पाहावा.

डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) घालून थर सुटतो का, ही चाचणीही जपून करावी. हॅलोबॅक्टेरियमच्या बायोफिल्ममध्ये पेशीबाह्य डीएनए असतो हे खरे, पण नेहमीचे डीएनेज तीव्र मिठात जवळजवळ निष्क्रिय होते, आणि ते चालावे म्हणून मीठ कमी केले तर थर सुटतो तो पेशी फुटल्यामुळे. म्हणून मीठ तेवढेच कमी केलेला, पण डीएनेज न घातलेला एक खळगा शेजारी असल्याखेरीज या चाचणीचा निकाल नोंदवू नये.